वीस मिलिसेकंद

त्या उन्हाळ्यात मी एक खोटं वाक्य लिहिलं. एका ओळीचं, इंग्रजीतलं. ते वाचणारी माणसं फार तर पाच-सहा असतील. लिहिताना ते खोटं आहे हे मला ठाऊक होतं. थकले होते हे खरं, पण थकवा हे काही त्याचं उत्तर नाही.

बाबांना अर्धांगाचा झटका आला तेव्हा मी पुण्यात नोकरीला होते. मी एकुलती एक. आठ दिवसांची रजा घेऊन आले ती परत गेलेच नाही. कंपनीनं घरून काम करायला परवानगी दिली आणि जुळे सोलापुरातल्या आई-बाबांच्या फ्लॅटमधली मागची खोली माझं ऑफिस झाली. बाबा कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर होते. आयुष्यभर लोखंडाशी झटलेल्या त्या माणसाचा उजवा हात आता मांडीवर नुसता पडून असायचा. जीभही जड झाली होती. शब्द तोंडाशी यायचा आणि तिथंच अडकायचा, मग ते रागानं मान फिरवायचे.

सकाळी आई आणि मी मिळून त्यांना उठवायचो, धुवायचो, खुर्चीत बसवायचो. नऊला माझी पहिली मीटिंग. पाणी चार-पाच दिवसांनी एकदा यायचं. ते आलं की मीटिंगमधलं बोलणं कानात ठेवून मी पिंपं भरायची. कॅमेरा बंद ठेवायची सवय तेव्हा लागली.

आमची कंपनी दूध थंड करायच्या केंद्रांत बसणारे डबे बनवते. टाकीतल्या दुधाचं तापमान हा डबा सतत नोंदवत राहतो. डब्यात छोटा संगणक असतो आणि त्याच्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या पोटात कर्नल. कर्नल म्हणजे सगळ्यांत आतला भाग. बाहेरच्या प्रोग्रॅममध्ये चूक झाली तर तो एक प्रोग्रॅम बंद पडतो, इथं चूक झाली तर अख्खा डबा आडवा होतो. आमचं तिथलं सगळं काम सी भाषेत केलेलं, पंधरा वर्षांपूर्वीचं. सी लिहिणाऱ्यावर पूर्ण विश्वास टाकते. हा मेमरीचा पत्ता, घे आणि काय हवं ते कर. ती जागा मधल्या काळात दुसऱ्या कुणी मोकळी करून टाकली असेल तर ते तुझं तू बघ.

रस्ट ही नवी भाषा तशी नाही. ही वस्तू कुणाच्या ताब्यात आहे, किती वेळ जिवंत राहणार, हे तिचा कंपायलर, म्हणजे लिहिलेला कोड तपासून यंत्राच्या भाषेत नेणारा प्रोग्रॅम, आधी विचारतो. उत्तर पटलं नाही तर प्रोग्रॅम पुढं सरकूच देत नाही. कंपनीनं ठरवलं, यापुढं नवं सगळं रस्टमध्ये. पण जुनं सी टाकून देणं परवडणारं नव्हतं. म्हणून मधे रॅपर लिहायचे. आत सी तसंच राहील आणि बाहेरून रस्टचं आवरण, म्हणजे नव्या मुलामुलींना आतल्या सीला हात न लावता काम करता येईल. हे रॅपर लिहायचं काम माझ्याकडं आलं.

यात एक गोम आहे. रस्टमधून सीला हाक मारायची तर तिथं ‘अनसेफ’ हा शब्द लिहावाच लागतो. इथून पुढचं मला दिसत नाही, जबाबदारी तुझी, असं कंपायलर सांगतो. आणि आमच्याकडं नियम होता की अशा प्रत्येक जागी वर कॉमेंट लिहायची. हा कोड काय करतो ते त्या कॉमेंटमध्ये नको, तो सुरक्षित का आहे ते हवं.

अशी दोन ओळींची कॉमेंट लिहायला मला अर्धा दिवस लागायचा. सीमधलं ते फंक्शन वाचायचं, त्याला कोण कोण बोलावतं ते शोधायचं, एकाच मेमरीत दोघांनी एकदम हात घालू नये म्हणून असलेलं कुलूप कोण घालतं, कोण काढतं ते बघायचं. मधेच आईची हाक यायची, ‘‘आगं, जरा धर की यांना.’’ परत येऊन बसलं की कुठं होते तेच आठवायचं नाही. पुन्हा पहिल्यापासून. असे तीन महिने गेले.

मग कार्ड काढायचं फंक्शन आलं.

डब्याला सेन्सरचं एक कार्ड वायरीनं जोडलेलं असतं. कार्डाकडून आकडा आला की कर्नल आपलं एक फंक्शन बोलावतं, त्याला कॉलबॅक म्हणतात. वायर उपटली की कार्ड काढायचं फंक्शन चालतं. ते आधी नवे आकडे थांबवतं आणि मग कार्डासाठी घेतलेली मेमरी मोकळी करतं. या दोन गोष्टींच्या मधे एक ओळ होती. वीस मिलिसेकंद थांबा. का थांबा, ते कुठंच लिहिलेलं नव्हतं.

माझा प्रश्न साधा होता. मेमरी मोकळी होते त्या क्षणी एखादा कॉलबॅक अजून चालू असेल तर? तो त्या मोकळ्या केलेल्या जागेतच वाचत बसेल. तिथं तोवर दुसऱ्याच कुणाचा तरी माल पडलेला असेल. वीस मिलिसेकंदात त्याचं काम बहुतेक वेळा संपत असेलही. पण ‘बहुतेक वेळा’ हे त्या कॉमेंटमध्ये लिहिता येत नाही.

सीची बाजू सांभाळणारे आमचे सीनियर पुण्यात बसतात. मी त्यांना फोन केला.

‘‘सर, कार्ड काढताना ते वीस मिलिसेकंद कशासाठी आहेत?’’

‘‘आहेत ते. मी यायच्या आधीपासून आहेत.’’

‘‘पण चालू असलेला कॉलबॅक तेवढ्यात संपेलच असं…’’

‘‘अगं, पंधरा वर्षं डबे चालताहेत. काही झालंय का? तुला रॅपर लिहायला सांगितलंय, सी उकरायला नाही.’’

त्यांचा आवाज चढलेला नव्हता. हे त्यांनी मला समजूत घातल्यासारखं सांगितलं. मी बरं म्हटलं.

त्यानंतरचा आठवडा एप्रिलमधला होता. पंखा नुसती गरम हवा ढवळत होता. बाबांनी व्यायाम करायचं सोडून दिलं होतं. फिजिओथेरपिस्टनं दाबायला दिलेला रबरी चेंडू त्यांनी डाव्या हातानं खिडकीबाहेर फेकला. आईचा गुडघा सुजला होता. त्यात पाणी भलत्या वेळी, ऐन मीटिंगमध्ये आलं. दुपारी लॅपटॉपसमोर बसले तेव्हा माझा ब्लाउज पाठीला चिकटला होता आणि यादीत अजून तीसेक फंक्शनं शिल्लक होती. मी लिहून टाकलं, ‘हे फंक्शन संपण्याआधी कॉलबॅक पूर्ण झाला असल्याची खात्री सीची बाजू देते.’ आणि तपासायला पाठवून दिलं.

तपासणारी मुलगी नोकरीला लागून दोनच वर्षं झालेली. पुण्यात असताना मीच तिला शिकवलं होतं. सुरक्षिततेची कॉमेंट म्हणजे आपली सही असते, हे वाक्य माझंच. दुसऱ्या दिवशी तिची टिप्पणी आली, ‘‘मॅम, ही खात्री सीमध्ये नेमकी कुठे आहे? मला सापडली नाही. मीच कुठेतरी चुकत असेन.’’

तिच्या शेवटच्या वाक्याकडं मी बराच वेळ बघत राहिले. मग लिहिलं, ‘‘तू चुकत नाहीस.’’ आणि तो कोड मागं घेतला.

कार्ड सांभाळणाऱ्या त्या सी कोडच्या, म्हणजे ड्रायव्हरच्या, फाइलच्या माथ्यावर मूळ लिहिणाऱ्याचं नाव होतं. कंपनीत आता ते कुणाला माहीत नव्हतं. शेवटी स्टोअरमधल्या जुन्या बाईंनी सांगितलं, ‘‘ते होय? ते दुधनीचे. वडील गेल्यावर गावाकडं गेले, ते तिकडंच राहिले.’’ त्यांच्याकडं नंबरही होता.

मी फोन लावला. पलीकडं ग्राइंडरचा आवाज होता. तो बंद झाला.

‘‘कोन बोलतंय?’’

मी सगळं सांगितलं.

‘‘त्यो ड्रायव्हर अजून चालतोय?’’ त्यांनी विचारलं.

‘‘चालतोय, सर.’’

‘‘अय्यो.’’ ते म्हणाले. ‘‘फोनवर न्हाय कळायचं ते. लॅपटॉप घेऊन या की हिकडं. सोलापूरहून लांब न्हाय काय.’’

आई म्हणाली, ‘‘जा तू. एक दिवसानं काय हुतंय.’’ पण बोलताना ती गुडघा चोळत होती. खालच्या मजल्यावरचे काका बाबांना उचलायला दोनदा येतो म्हणाले, तेव्हा मी निघाले. सकाळच्या पॅसेंजरला खिडकीजवळ जागा मिळाली आणि मी बसल्या बसल्या झोपले. समोरच्या बाईनं गुडघ्याला हलवून उठवलं, ‘‘दुधनीच म्हणलं हुतं न्हवं तुमी?’’

त्यांचं दुकान बाजाराच्या रस्त्याला होतं. मोटार रिवाइंडिंग आणि स्टार्टर दुरुस्ती. दारातच विहिरीच्या मोटारी उघड्या पडलेल्या, तांब्याच्या तारेची रिळं, वॉर्निशचा वास. साठी ओलांडलेले असावेत. बारीक अंगाचे, कपाळावर विभूतीचे पट्टे, बोटांवर वॉर्निशचे डाग.

‘‘बर्री, बर्री, या,’’ ते म्हणाले आणि एका स्टुलावरची धूळ फडक्यानं झटकली. आतून त्यांच्या बायकोनं कानडीत काहीतरी विचारलं. ते होकारार्थी मान हलवत म्हणाले, ‘‘हौदु, पुणे ऑफिस.’’ थोड्या वेळानं कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि दह्याची वाटी आली.

‘‘आधी खावा,’’ ते म्हणाले. ‘‘रिकाम्या पोटी ह्ये असलं वाचू नये.’’

मी खात होते आणि ते वाचत होते. चष्मा कपाळावर सरकवून डोळे पडद्याला लावल्यासारखे. एक गिऱ्हाईक स्टार्टर घेऊन आलं, त्याला हातानंच थांब म्हणाले.

‘‘म्हंजे माझी चूक दाखवायला आलाव,’’ ते अखेर म्हणाले.

‘‘नाही सर. तिथं वीस का घातले तेवढंच विचारायला आले. मला कारण लिहायचंय.’’

‘‘कारन.’’ त्यांनी चष्मा नाकावर ओढला. ‘‘दुसऱ्या दिवशी डबा मोठ्या लोकांस्नी दाखवायचा हुता. वायर उपटली की मरत हुता. मी आधी बरोबरच केलं हुतं की, चालू काम संपस्तोवर थांबायचं. तर डबा थांबला त्यो थांबलाच. जागचा हालंना. मग ते काढलं. धा मिलिसेकंद घातलं, कधी मधी मरायचा. वीस घातलं. मेला न्हाय. घरी गेलो.’’

‘‘आणि नंतर?’’

‘‘नंतर बघू म्हणलं. नंतर दुसरं काम आलं. मग हिकडं वडील गेले.’’

बस्स, इतकंच. मी शंभर किलोमीटरही आले नव्हते, पण मला फार लांबून आल्यासारखं वाटलं. कारण मिळेल असं मी धरून चालले होते. कारण नव्हतंच.

‘‘पण तो कायमचा का थांबला असेल?’’ मी विचारलं. ‘‘बरोबर केलं होतं तर?’’

त्यांनी लॅपटॉप स्वतःकडं ओढला. मग आम्ही दोघं मिळून तो ड्रायव्हर पहिल्या ओळीपासून वाचू लागलो. मी फंक्शन शोधून द्यायची, ते बोटानं ओळी पुढं सरकवायचे. दुकानात तारेच्या रिळांवर ऊन आलं आणि गेलं. गिऱ्हाईक कंटाळून स्टार्टर ठेवून निघून गेलं. मग त्यांचं बोट एका जागी थांबलं.

‘‘हितं बघा.’’

मी बघितलं. कार्डाकडून वेडावाकडा आकडा आला तर कॉलबॅक ते कार्ड खराब आहे असं धरायचा आणि स्वतःच कार्ड काढायच्या फंक्शनला बोलवायचा.

‘‘म्हंजे काढनारा थांबलाय कॉलबॅक संपायची वाट बघत,’’ ते सावकाश म्हणाले, ‘‘आन् काढनाऱ्याला बोलिवलंय कॉलबॅकनंच. आपलीच वाट बघत बसलंय की ते!’’ ते मोठ्यानं हसले. आतून त्यांची बायको डोकावली. मग त्यांचं हसू ओसरलं. ‘‘एवढंच हुतं व्हय. एवढ्यासाठी पंधरा वर्षं.’’

आणि वीस मिलिसेकंदांनी त्या वाटेवर काहीच साधत नव्हतं, हेही आता दिसत होतं. कॉलबॅक वीस मिलिसेकंद झोपायचा, मेमरी मोकळी करायचा आणि परत येऊन त्याच मेमरीत हात घालायचा. बहुतेकदा खपून जायचं. एखाद्या वेळी डबा अडकायचा.

त्यांनी पाण्याचा तांब्या उचलला, पण प्यायले नाहीत. ‘‘मी तितं लिवायला पायजे हुतं,’’ ते म्हणाले. ‘‘वीस का ते मला म्हाईत न्हाय, असं. एक वळ. तेवढं केलं असतं तरी कुनीतरी बघितलं असतं. पर लाज वाटली. लोक म्हनतील, ह्येला म्हाईत न्हाय.’’

मी त्यांना माझ्या खोट्या ओळीबद्दल सांगितलं. का सांगितलं कुणास ठाऊक. त्यांनी ऐकून घेतलं. चांगलं म्हणाले नाहीत, वाईटही नाही.

‘‘मग आलाव कशापायी हितवर?’’

‘‘एका मुलीनं विचारलं, खात्री कुठे आहे म्हणून.’’

‘‘बरी हाय पोरगी,’’ ते म्हणाले, आणि ठेवून गेलेला स्टार्टर उघडायला घेतला.

काय करायचं ते आता कळलं होतं. कॉलबॅकनं कार्ड स्वतः काढायचं नाही, ‘काढायचं आहे’ एवढी खूण करून ठेवायची. काढणारा दुसराच कुणीतरी असेल आणि तो खरोखर काम संपेपर्यंत थांबेल. पण यासाठी सीमध्ये बदल करावा लागणार होता. सीनियर म्हणाले, ‘‘कंपनी सोडून गेलेल्या एका माणसाच्या आठवणीवरून चालता कोड बदलायचा? मला डबा अडकलेला दाखव. मग बोलू.’’

त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. कंपनीनं कुरिअरनं एक डबा आणि कार्ड पाठवलं. मी ते जेवणाच्या टेबलावर मांडलं आणि वायर उपटायला सुरुवात केली. उपटायची, दिवा बघायचा, परत घालायची. वायर तशीच ठेवून नुसतं प्रोग्रॅमनं कार्ड काढून बघितलं, पण तसा डबा कधीच अडकला नाही. वायर तिरकी होऊन, संपर्क जाता जाता निघाली तरच तो वेडावाकडा आकडा यायचा. म्हणजे हातानंच करावं लागणार. दोन मीटिंगच्या मधे, आई भाजी निवडत असताना, बाबा झोपलेले असताना मी वायर उपटत बसले. चार दिवस काहीही झालं नाही. मनगट दुखायला लागलं. डबा बिचारा हिरवा दिवा लुकलुकवत निमूट चालत होता आणि मला वाटायला लागलं की सीनियरच बरोबर असतील.

पाचव्या दिवशी बाबांनी खुर्चीतून डावा हात टेबलाकडं केला.

‘‘काय पाहिजे, बाबा? पाणी?’’

त्यांनी मान हलवली. हात तसाच. मी डबा त्यांच्यापुढं सरकवला. त्यांनी आधी वायरीचं तोंड बघितलं, मग खोबणीत अंगठा फिरवला. वर्कशॉपमध्ये एखादा भाग हातात घेतल्यावर करत असतील तसं. मग डाव्या हातानं उजवा हात उचलून वायरीवर ठेवला. बोटं वळायला फार वेळ लागला. त्यांनी ओढली. वायर निघाली, पण तिरकी, आडवी, अडखळत. त्या हाताला सरळ ओढायचं बळच नव्हतं.

मला हवी होती अगदी तशी.

दोन दिवस ते तेच करत बसले. चेंडूला हात न लावणारा माणूस कपाळाला घाम येईपर्यंत वायर ओढत होता. मी ऑफिसचं काम करता करता मधून दिव्याकडं बघायची. आईला हे अजिबात आवडलं नाही.

‘‘आजारी मानसाला कामाला लावलंस तू,’’ ती स्वयंपाकघरातून म्हणाली. ‘‘हात बघ कसा थरथरतोय. तुज्या कंपनीला दुसरं कुनी भेटंना व्हय?’’

‘‘मी नाही लावलं, आई. त्यांनीच घेतलंय.’’

‘‘मग काढून घे की.’’

मी उठले, डबा उचलायला हात पुढं केला. बाबांनी डब्यावर डावा हात दाबून ठेवला आणि माझ्याकडं असं बघितलं की मी परत जागेवर जाऊन बसले. आईही आत गेली. पोळपाटावर लाटणं जरा जोरात आपटत होतं.

तिसऱ्या दुपारी बाबांचा आवाज आला, ‘‘थां… थांब…’’

दमले असतील असं मला वाटलं. ‘‘थांबूया, बाबा. खूप झालं आज.’’

ते चिडले. मान जोरात हलवली आणि टेबलावर मूठ आपटली. मग एकेक अक्षर ढकलत म्हणाले, ‘‘थांब… लं.’’ आणि डब्याकडं बोट केलं.

हिरवा दिवा लुकलुकत नव्हता, नुसता लागून राहिला होता. मी बटण दाबलं. काही नाही. लॅपटॉपवर कर्नलनं मरता मरता लिहिलेल्या ओळी होत्या, आणि त्यात कॉलबॅकचं नाव होतं, मोकळ्या केलेल्या मेमरीचा पत्ता होता. मला ओरडावंसं वाटायला हवं होतं. मी खाली फरशीवर बसले आणि बाबांच्या पायाला पाठ टेकली. ‘‘हो, थांबलं,’’ एवढंच म्हणाले. आईनं येऊन डब्याकडं बघितलं, आम्हा दोघांकडं बघितलं, आणि बाबांचा हात मांडीवर घेऊन तेल चोळायला बसली.

त्या ओळी मी पुण्याला पाठवल्या. दोन दिवस उत्तर नाही. तिसऱ्या दिवशी सीनियरांचा फोन आला.

‘‘पाहिलं मी,’’ ते म्हणाले. ‘‘सर्व्हिसच्या लोकांच्या नोंदींत हे कायम यायचं. डबा हँग, बंद करून चालू केल्यावर ठीक. मला वाटायचं, लाइटचा घोळ असेल. केंद्रांवर लाइट कशी असते तुला माहितीये.’’ मग म्हणाले, ‘‘बदल पाठव. मी स्वतः बघतो.’’

त्यांच्याही आवाजात मला माझाच थकवा ऐकू आला. इतकी वर्षं दुसऱ्यानं लिहिलेलं सांभाळायचं, आणि ते मोडू नये म्हणून त्याला हातही लावू द्यायचा नाही. तेही काही सोपं नसावं. त्यांनी माझा बदल कसून तपासला. त्यात माझी एक खरी चूक सापडली, खूण करताना मी कुलूप घातलं नव्हतं. ती दुरुस्त केली. मग रॅपर. तो तपासणीतून सात वेळा परत आला. शेवटी त्यात अशी सोय झाली की कॉलबॅकच्या हाती कार्ड काढायची चावीच जात नाही. नव्या कुणी तसं लिहायचा प्रयत्न केला तर कंपायलरच अडवतो. वर कॉमेंट चार ओळींची. त्या चारही ओळी मला पुराव्यासकट दाखवता येत होत्या. त्या मुलीनं मंजुरी देताना लिहिलं, ‘‘आता सापडली.’’

मी दुधनीला फोन केला.

‘‘ती वीसची वळ काढली?’’ त्यांनी विचारलं.

‘‘काढली, सर.’’

‘‘ब्येस झालं. आता कुनी विचारलं तर माझं नाव सांगू नका.’’ मी हो म्हणून फोन ठेवणार एवढ्यात ते म्हणाले, ‘‘न्हाय, थांबा. सांगा की. मूळ कुनी लिवला आन् चूक कुनी शोधली, दोनी सांगा.’’

मी बदलाच्या नोंदीत तसं लिहिलं. कुणी हरकत घेतली नाही. कुणी वाचलं असेल असंही वाटत नाही.

डबा पुण्याला परत पाठवायचा होता. तो खोक्यात भरला त्यानंतर दोन दिवस बाबा रिकाम्या टेबलाकडं बघत बसले. फिजिओथेरपिस्ट म्हणाले, पकड थोडी सुधारलीय. बोलणं मात्र होतं तिथंच आहे. मी त्यांच्यापुढं नटबोल्टची एक डबी आणून ठेवली, पण त्यांनी ती डाव्या हातानं बाजूला सारली. खरं काम आणि करमणुकीला दिलेलं काम यातला फरक त्यांना कळत होता.

सोमवारी यादीतलं पुढचं फंक्शन आलं. मी ते उघडलं, एकदा वाचलं आणि मला एक अक्षर कळलं नाही. आठवडाभराची रजा मागितली, तीन दिवसांची मिळाली. पहिला दिवस झोपेत गेला. दुसऱ्या दिवशी आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडं नेलं. तिच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे हे मला त्या सकाळी कळलं, तिला वर्षभर माहीत होतं. दवाखान्यात गर्दी होती. आम्ही भिंतीलगतच्या खुर्च्यांवर बसलो आणि माझा डोळा कधी लागला ते समजलंही नाही.

जागी झाले तेव्हा शेजारची खुर्ची रिकामी होती. आई तपासणीच्या खोलीतून एकटीच येत होती, एक हात भिंतीवर, दुसऱ्यात चिठ्ठी, डोळ्यांत घातलेलं औषध गालावर ओघळलेलं.

‘‘मला उठवलं का नाहीस?’’

‘‘निजली हुतीस की,’’ ती म्हणाली. ‘‘ऑपरेशन करायचं म्हनत्यात. कदी ते घरी जाऊन ठरवू. चल, रिक्षा बघ. मला आत्ता काय बी दिसंना झालंय.’’

मी तिचा हात धरला आणि आम्ही उन्हात बाहेर पडलो.